आधी कविता, मग रँबो

प्रिय मित्रा,

कॉलेज सोडून भटकलं की फ्रेंच कवी रँबोसारखी कविता येईल, असं तुझ्या पत्रावरून दिसतं. सोडायचं की नाही ते घरच्यांशी बोलून ठरव. रँबोला त्यात ओढू नकोस.

तू त्याचं चरित्र आधी वाचलंस, कविता नंतर. घोळ तिथेच झाला. चरित्र आहेच चटकदार: कवी व्हर्लेनबरोबरचं वादळी प्रकरण, 1873च्या जुलैत ब्रसेल्समध्ये व्हर्लेनने त्याच्यावर झाडलेली गोळी, विशीतच कवितेला रामराम, मग अरबस्तानातलं एडन, इथिओपियातलं हरार, कॉफी, बंदुका. पण त्याची ‘मदमस्त नौका’ ही कविता काढून बघ. 1871 साली, सोळा वर्षांच्या वयात लिहिलेली. शंभर ओळी, चार-चार ओळींची पंचवीस कडवी, बारा अक्षरांचं फ्रेंच वृत्त, यमकं चोख. भरकटते ती नौका; वृत्त जागचं हलत नाही. तोवर त्याने समुद्रही पाहिला नव्हता, असं चरित्रकार सांगतात. हात बसला तो शार्लव्हिल या त्याच्या गावच्या शाळेत, जिथे हा पोरगा लॅटिन पद्यरचनेत बक्षिसं मारायचा. चरित्रातलं हे पान कुणी स्टेटसला लावत नाही.

दंतकथाही तपासून घे. ‘नरकातील एक ऋतू’ या आपल्या पुस्तकाच्या प्रती त्याने जाळून टाकल्या, असं लोक छातीठोक सांगत. 1901 मध्ये लेओं लोसो या बेल्जियन ग्रंथप्रेमीला ब्रसेल्सच्या छापखान्यात त्या प्रतींचे गठ्ठेच्या गठ्ठे सापडले. लेखकाने मोजक्या प्रती नेल्या होत्या. छपाईचे पैसे चुकते झालेच नव्हते.

आयुष्य कवितेत येतच नाही, असं नाही. त्याच पुस्तकातली ‘खुळी कुमारिका’ बोलायला लागली की व्हर्लेन आठवतोच. पण ‘हा व्हर्लेन’ म्हणून पान उलटलंस, तर रँबो तिच्या तोंडून स्वतःचीच टर उडवतोय, आपल्याच मोठमोठ्या प्रतिज्ञांना हसतोय, हे निसटतं. मला तर ते पुस्तकातलं सर्वांत धीट काम वाटतं.

हरारहून घरी लिहिलेली पत्रंही वाच. हिशेब, तक्रारी, मागवलेली तांत्रिक पुस्तकं. भटकंती तिथे हवी तेवढी होती, उन्हातान्हाचा जीवघेणा प्रवास होता. कविता एकही नाही.

पुढच्या पत्रासोबत शार्दूलविक्रीडितात चार कडवी पाठव. विषय कुठलाही घे, हॉस्टेलची मेससुद्धा चालेल. गण मी तपासतो.