चैन पडेना, म्हणजे आजार उलटला का?

"चार दिवस झाले, जेवायलासुद्धा बसत नाही. उभ्याउभ्याच खातो. दुखणं परत उलटलं ना हो?" चोविशीतल्या मुलाला घेऊन आलेल्या आईचा हा प्रश्न. मुलाला भास व्हायचे. रिस्पेरिडोन हे भासांवरचं औषध सुरू झाल्यापासून ते थांबत आले होते. आता मात्र दिवसभर येरझारा. खुर्चीत टेकला की पाय हलवायचा आणि मिनिटभरात उठायचा. घरच्यांनी रात्री एक गोळी जास्त द्यायचा बेत केला होता.

मुलालाच विचारलं: भीती वाटते? आवाज ऐकू येतात? "नाही. डोकं शांत आहे. पायच बसू देत नाहीत." मग औषधांची चिठ्ठी पाहिली. दहा दिवसांपूर्वी डोस २ वरून ४ मिलिग्रॅम झाला होता.

हा अकथिसिया, औषधाचा दुष्परिणाम. डोपामिन हे मेंदूतलं रसायन अडवणारं रिस्पेरिडोनसारखं औषध सुरू केलं किंवा वाढवलं की काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत दिसतो. उलटीवरच्या मेटोक्लोप्रामाइडने आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही होतो. फसगत इथेच होते: आजार वाढला समजून डोस वाढवतात आणि तगमग आणखी वाढते. म्हणून आधी तारखा जुळवायच्या. मग दोन मिनिटं बसवून, दोन मिनिटं उभं करून पाय बघायचे. उभा असतानाही हा मुलगा जागच्या जागी पाय बदलत होता.

पायांची तगमग फक्त संध्याकाळी, आडवं झाल्यावर होत असेल तर प्रकार वेगळा. तिथे फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासतात. धडधड, घाम आणि वजनात घट असेल तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी.

गोळी मनाने वाढवायची नाही आणि बंदही करायची नाही. अचानक बंद केली तर भास परतू शकतात. आम्ही निरीक्षणं लिहून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी डोस कमी केला आणि दमा नाही याची खात्री करून तगमग कमी करायला प्रोप्रॅनोलॉल दिलं. घरच्यांना एकच काम: "नीट बस" म्हणायचं नाही, फिरू द्यायचं.

हा त्रास असह्य होऊन काही जण जिवाचं बरंवाईट करण्यापर्यंत जातात, म्हणून ते थेट विचारावं. तसं बोलणं आलं तर माणसाला एकटं सोडू नये, लगेच रुग्णालयात न्यावं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. ताप, अंग ताठरणं आणि शुद्ध हरपल्यासारखा गोंधळ एकत्र दिसले, तर फोनवर वेळ न घालवता थेट तातडीच्या विभागात.