एवढं बी जपून ठेवलंय, मग तांबेरा का जात नाही?

प्रश्न: ताई, मी घणसोलीला राहते, माहेर साताऱ्याकडचं. भाऊ दरवर्षी भुईमूग करतो, यंदा पण तांबेरा आणि टिक्का हे पानांवरचे दोन्ही रोग, पानं गळून गेली, शेंगा भरल्याच नाहीत. हैदराबादजवळ म्हणे भुईमुगाच्या हजारो प्रकारचं बी शीतगृहात जपलंय. त्यातलं चांगलं उचलून शेतकऱ्याला द्यायला काय होतं?
– एक वाचक, घणसोली

उत्तर: उचललं आणि दिलं, इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! तुम्ही म्हणता ते हैदराबादजवळचं पटानचेरू, तिथे इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेकडे भुईमुगाच्या बियांचे 15,000च्या आसपास नमुने आहेत, सगळे पेरून बघणार कोण, म्हणून त्यातून 1,704 आणि मग परत गाळून 184चा छोटा संच काढलाय. पण खरी अडचण वेगळीच आहे, आपण खातो तो भुईमूग मुळात दक्षिण अमेरिकेतल्या दोन रानटी जातींच्या संकरातून आलेला, म्हणजे सगळं एकाच घराण्यातलं, आणि रोगाला दाद न देणारा दमदार गुण बघायचा तर रानटी भाऊबंदांकडेच जावं लागतं. त्यांची गुणसूत्रं 20, आपल्याची 40. संकर केला की 30चं वांझ रोप. मग औषध वापरून ती 60 करायची आणि पुन्हा पुन्हा आपल्या वाणाशी संकर, यात वर्षं जातात. वर नको ते पण सोबत येतं. रानटी शेंग बघितलीत तर हसाल, दोन दाणे दोन वेगळ्या टरफलांत, मधे दोऱ्यासारखा देठ, उपटताना तो तुटतो आणि दाणा मातीतच राहतो.

तरी जमलंय. धारवाडच्या जीपीबीडी 4 या भुईमुगाच्या वाणामध्ये तांबेरा-टिक्क्याला तोंड देण्याची ताकद कार्डेनासी या रानटी जातीकडून आलीय. तुम्हाला वाशीच्या पुलावरून ट्रॉम्बे दिसतं ना, तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं टीएजी 24, म्हणजे ट्रॉम्बे अकोला ग्राउंडनट, उत्पन्नाला एकदम झकास पण तांबेऱ्यापुढे हात टेकतं. मग डीएनएवरच्या खुणा बघत बघत जीपीबीडी 4चा तांबेऱ्याचा गुण त्याच्यात आणि जेएल 24 या जुन्या वाणामध्ये पण घातला.

भाऊ कुठलं वाण पेरतो ते तुम्ही लिहिलंच नाहीत. जेएल 24, म्हणजे फुले प्रगती असेल, आणि तेही वर्षानुवर्षं घरचंच बी, तर यंदाचं नवल नाही, जुनं जेएल 24 या दोन्ही रोगांना लगेच बळी पडतं. दुकानात नुसतं 'रोग न येणारं द्या' म्हणू नका म्हणावं, वाणाचं नाव विचारा आणि पिशवीवरचं लेबल वाचा.