पाळी लांबते आहे, तर आधी घरातली सगळी औषधे डॉक्टरांना दाखवा

वय 27, पाळी 50 ते 60 दिवसांनी, सोनोग्राफीच्या कागदावर ‘पीसीओडी’ (संप्रेरकांचा तोल बिघडून अंडाशयांत अनेक लहान पुटिका दिसण्याचा विकार) आणि वर्षभरात तीन वेळा पाळी आणण्याच्या गोळ्या, हे तुम्ही प्रश्न विचारताना लिहिलेले वर्णन वाचताना मला माझी जुनी फाईल आठवली. मी डॉक्टर नाही, त्यामुळे पुढचे सारे स्वानुभव म्हणून वाचावे आणि उपचार मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावेत. गर्भधारणेची चाचणी तुम्ही केलीच असेल, असे धरून चालते.

माझी पाळी लांबू लागली तेव्हा ज्या दवाखान्यात मी जात असे, तिथे दीड वर्ष दर खेपेला त्याच गोळ्या लिहून मिळाल्या. गोळ्या संपल्या की चार-पाच दिवसांत रक्तस्राव होई आणि पाळी आली म्हणून मी निर्धास्त होत असे. तो रक्तस्राव गोळी थांबल्यामुळे होतो, त्यावरून त्या महिन्यात बीजांड सुटले असे ठरत नाही, हे मला कोणी सांगितले नाही. दुसऱ्या गावी बदली झाल्यावर तिथल्या डॉक्टरबाईंनी मला सध्या चालू असलेली सगळी औषधे घेऊन बोलावले. मी पिशवी टेबलावर रिकामी केली, तेव्हा त्यांनी लोहाच्या गोळ्या बाजूला सारल्या आणि पित्तावरच्या कॅप्सूलची अर्धी संपलेली पट्टी उचलून मागची बारीक अक्षरे वाचली. त्यात पँटोप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या औषधाबरोबर डॉमपेरिडोन हे मळमळीवरचे औषध होते, आणि ती कॅप्सूल मी कोणालाही न विचारता वर्षाहून अधिक काळ रोज सकाळी घेत होते.

डॉमपेरिडोनमुळे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीवरचा डोपामिन या रसायनाचा अंकुश सैल होतो, रक्तातले प्रोलॅक्टिन, म्हणजे स्तनांत दूध तयार करवणारे संप्रेरक, वाढते आणि बीजांड सुटण्याची क्रिया मंदावते. माझे प्रोलॅक्टिन 68 आले, जिथे गरोदर नसलेल्या स्त्रीत ते साधारण 25 च्या आत असायला हवे. डॉक्टरांनी ती कॅप्सूल बदलली, काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा केली, आणि तिसऱ्या महिन्यात पाळी आपली आपण आली. माझ्या स्तनांतून अधूनमधून दुधासारखा स्राव येत असे, पण दीड वर्षात त्याबद्दल मला कोणी विचारले नाही आणि मीही संकोचाने बोलले नाही. याची खंत आजही वाटते.

तुम्हाला पीसीओडी नसेलच, असे मी म्हणत नाही. 2003 मध्ये रॉटरडॅम येथे ठरलेल्या निकषांत अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांची वाढ आणि अंडाशयांचे विशिष्ट चित्र यांपैकी दोन गोष्टी लागतात, आणि तुमच्याकडे त्या दोन दिसतातही. मात्र त्याआधी थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन तपासून ती कारणे बाजूला काढावी लागतात, आणि माझ्या बाबतीत नेमकी हीच पायरी गाळली गेली. गोळ्यांनाही माझा विरोध नाही, कारण पाळी फार लांबली तर गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि ते उतरवणे आवश्यक ठरते. कारण न शोधता वर्षानुवर्षे त्याच गोळ्या देत राहण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे.

प्रोलॅक्टिनचा नमुना उठल्याउठल्या देऊ नये, दोन-तीन तासांनी शांत बसून द्यावा. मानसिक आजारांवरच्या काही औषधांनीही ते वाढते, पण ती औषधे स्वतःहून बंद करणे धोक्याचे आहे.

एरवी पाळी चार-पाच दिवस मागेपुढे होणे काळजीचे नसते. ती 21 दिवसांच्या आत पुन्हा येत असेल, तीन महिने आलीच नसेल, आठवड्याहून अधिक चालत असेल किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये अथवा संबंधानंतर रक्त जात असेल, तर अंगावर काढू नका. तासातासाला पॅड भिजत असेल किंवा चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. डोकेदुखीबरोबर नजर अंधुक होत असेल, तर तेही लगेच सांगा.

पुढच्या भेटीला जाताना गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा एका कागदावर लिहून न्या, त्यांतल्या कोणत्या गोळीने आल्या त्यापुढे खूण करा, आणि पित्ताच्या, केसांच्या, झोपेच्या अशा सगळ्या पट्ट्या पिशवीत घाला.