शिमग्याची पावती

प्रिय सई,

रविवारी मी फोनवरून गावी पैसे पाठवत होते आणि तू मागे उभी राहून बघत होतीस. शिमग्याची वर्गणी आहे, म्हटलं. आदल्याच दिवशी आजीने तुला व्हिडिओ कॉलवर सांगितलं होतं की तिच्या सासऱ्यांना, म्हणजे माझ्या आजोबांना, गावच्या देवळात पायरीच्या वर येऊ देत नसत. तू लगेच विचारलंस, "मग आपण त्यांना पैसे का देतो?" मी म्हटलं, "पद्धत आहे." तू "ओके" म्हणून खोलीत गेलीस. ते "ओके" मला चार दिवस टोचतंय, म्हणून लिहिते आहे. तुला मराठी वाचायला वेळ लागतो हे माहीत आहे. सावकाश वाच, अडेल तिथे मला विचार.

माझे आजोबा माडावर चढायचे. आपण भंडारी, माडी काढणं हे आपल्या लोकांचं जुनं काम. मला आठवतात ते त्यांचे पाय. तळवे इतके कडक झालेले की उन्हात तापलेल्या चिऱ्यावरून ते अनवाणी चालायचे. देवळात उत्सवाला नारळ लागत, ते आमच्या वाडीतल्या माडांचे असत. नारळ आत जायचा, नारळ काढणारा बाहेर उभा. माझ्या लहानपणापर्यंत हे सगळं संपलं होतं, कोणी कोणाला अडवत नव्हतं. पण आजोबा पायरीवरच थांबायचे. मी हात धरून ओढायची, "चला ना आत." ते म्हणायचे, "तू जा गो बाय. माका हयसून दिसता." मी आत जाऊन घंटा वाजवून यायची. मागे वळून बघितल्याचं मात्र मला आठवत नाही.

आमचे भाऊ (तुझे आजोबा) वेगळे होते. मी नऊ वर्षांची असताना ते मला एसटीने रत्नागिरीला घेऊन गेले. मला वाटलं, शाळेचे बूट घ्यायचे असतील. बूट घेतलेच, पण आधी ते मला पतितपावन मंदिरात घेऊन गेले. थेट आत. लक्ष्मीनारायणासमोर मला उभं केलं आणि म्हणाले, "हे आपल्या भागोजीशेटांनी बांधलंय." ते असं म्हणाले की मला वाटलं, भागोजीशेट आमचे कोणी काकाच असणार.

भागोजी बाळोजी कीर रत्नागिरीचे, आपल्याच समाजाचे, घरची गरिबी. आजी सांगते की लहानपणी ते उंडीची फळं वेचून विकायचे. उंडीच्या बियांचं तेल तेव्हा दिव्यात जाळत. मग मुंबईला गेले, सुतारकाम केलं. शापूरजी पालनजींच्या बांधकामांवर काम करता करता स्वतः मोठे कंत्राटदार झाले. मुंबई वाढत होती, इमारती उभ्या राहत होत्या, आणि कोकणातून गेलेल्या या माणसाने त्यात अमाप पैसा मिळवला. इथपर्यंतची गोष्ट तुला कुठल्याही श्रीमंत माणसाची वाटेल. भाऊंना त्यात फारसा रस नव्हता. त्यांची गोष्ट सुरू व्हायची ती पैसा आल्यानंतर.

भागोजीशेटांनी रत्नागिरीत किल्ल्याजवळ शंकराचं देऊळ बांधलं, भागेश्वर. तेव्हा सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते, १९२४ ते १९३७. सगळ्या जातींना एकत्र पूजा करता येईल असं देऊळ हवं, हे त्यांनी शेटजींच्या मनात घातलं आणि शेटजींनी पैसे दिले. १९२९ मध्ये पायाभरणी झाली, २२ फेब्रुवारी १९३१ ला पतितपावन मंदिर उघडलं. विश्वस्तांमध्येही सगळ्या जातींची माणसं घ्यायची असं ठरलं. तिथे सगळ्यांच्या पंगती एकत्र बसायला लागल्या. एका ओळीत बसून जेवण्याला तेव्हा धाडस लागायचं, हे तुला समजावून सांगणं मला कठीण जातं, कारण तुझ्या शाळेच्या डब्याच्या टेबलावर सात देशांची मुलं बसतात.

तू पुढचं विचारशील म्हणून आधीच सांगते. ते देऊळ सगळ्या हिंदूंसाठी होतं. आमच्या शेजारच्या, ईदला आमच्याकडे शिरखुर्मा पाठवणाऱ्या चाचींसाठी नव्हतं. लहानपणी मला हे सुचलंही नाही. आता सुचतं, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

मला जास्त छळतो तो दुसरा प्रश्न, जो तुझ्या प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे. ज्याला बाहेर ठेवलं त्यानेच पैसे का खर्च करायचे? दार ज्यांनी बंद केलं त्यांनी ते उघडायला हवं होतं ना? मी एकदा भाऊंना असंच विचारलं होतं. तेव्हा मी कॉलेजात होते आणि रागात होते. ते म्हणाले, "त्यांची वाट बघत बसलो असतो तर बाबा पायरीवर होते, मीपण पायरीवरच असतो." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आणि तू पण."

भाऊ दरवर्षी वर्गणी द्यायचे. पगार जेमतेम, पण ती रक्कम आधी बाजूला काढलेली असायची. पावत्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवत. शिमग्यात देवाची पालखी आमच्या वाडीत सगळ्यात शेवटी यायची, रात्री दोन-अडीचला. मानकऱ्यांची घरं आधी, मग बाकीची, मग आम्ही. आई जागी राहायची, अंगण सारवलेलं, ओटीचे तांदूळ-नारळ सुपात तयार. लांबून ढोल ऐकू आला की पोटात गोळा यायचा. एका वर्षी अंगणात पालखी नाचवताना कोणीतरी भाऊंना हाक मारली, "या, खांदा द्या." त्या आधी आमच्या घरातल्या कोणी खांदा दिला नव्हता. भाऊंनी टोपी काढून माझ्या हातात दिली आणि गेले. आजोबा ओट्यावर बसून बघत होते. ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी भाऊंचा खांदा सुजला होता. आई तेल लावते म्हणाली, तर त्यांनी लावू दिलं नाही.

यात अभिमान होता की इतकी वर्षं न मिळालेलं काही मिळाल्याची कृतज्ञता? कृतज्ञता असेल तर मला ती आवडत नाही. तू विचारलंस तेव्हा मला बोलता आलं नाही ते यामुळेच.

भाऊ मुंबईत वारले, तुला आठवत असेल, तू सहा वर्षांची होतीस आणि मी एकटीच धावत गेले होते. त्यांना दादरला शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीत नेलं. आत जाताना मी पाटी वाचली. भागोजी कीर. ही स्मशानभूमीही भागोजीशेटांनीच लोकांसाठी उभी केलेली. १९४१ मध्ये ते स्वतः गेले तेव्हा त्यांचा अंत्यविधीही तिथेच झाला. बाजूला चैत्यभूमी, पलीकडे समुद्र. मी तिथे उभी राहून नऊ वर्षांची झाले, नव्या बुटांचा खोका काखेत असलेली. भाऊंना हे सांगायला हवं होतं असं वाटलं, आणि सांगायला भाऊच नव्हते.

त्या वर्षी शिमग्याला मी वर्गणी पाठवली, तर गावातून फोन आला. पावती कोणाच्या नावाने फाडायची? घरात मुलगा नाही, मुलगी लग्न होऊन गेलेली, बायकांच्या नावाने फाडत नाहीत. मी म्हटलं, माझ्याच नावाने फाडा. दोन दिवस कोणी काही कळवलं नाही. मग तुझ्या मामाने, माझ्या चुलतभावाने, पावतीचा फोटो पाठवला. त्यावर माझं नाव होतं, माहेरचं. मी तो फोटो किती वेळा मोठा करून बघितला असेल. ती रक्कम तुझ्या एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा कमी आहे.

म्हणजे मी त्यांना पैसे देते की माझी जागा धरून ठेवते? दोन्ही असेल. तुला हे पटलंच पाहिजे असं नाही. तू मोठी झालीस की हे बंद करशील कदाचित, आणि तेव्हा मी वाईट वाटून घेणार नाही असं म्हणत नाही, पण तुला अडवणार नाही.

काल मामाचा मेसेज आला. पैसे पोचले, पावती अजून फाडलेली नाही, नाव माझंच ठेवू की भाऊंच्या नातीचं घालू, असं विचारतोय. तुझं नाव घालू का, सई? नको असेल तर नको म्हण, मी माझंच घालते. पालखी पुढच्या गुरुवारी निघते, त्याआधी सांग म्हणजे झालं.

तुझी,
आई