वाचकांचे प्रश्न : डोंगरातल्या गावाचा इतिहास

प्रश्न : आमचं मूळ गाव वेल्ह्याच्या डोंगरात. तिथल्या शेतकऱ्यांचा इतिहास लिहायचाय, गडाचा नाही. सुरुवात कुठून करू? (धायरी)

उत्तर : जमिनीपासून. सातबारा सगळेच काढतात आणि तिथेच अडकतात, कारण बहुतेक ठिकाणी आजचा गट नंबर जमिनींच्या एकत्रीकरणानंतरचा (तुकडे जोडल्यावरचा) असतो. जुना सर्व्हे नंबर त्याच्याशी जुळत नाही. म्हणून आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात ९(३), ९(४) चा उतारा (जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यांचा मेळ दाखवणारा) मागा. ही पायरी गाळलीत, तर तुमच्या पणजोबांच्या नावावर शेजाऱ्याचं शेत लिहून बसाल. गाव खालशातलं (थेट सरकारी अमलातलं) की भोर संस्थानातलं, हेही पाहून घ्या. संस्थान १९४८ साली विलीन झालं, त्याआधीची दप्तरं वेगळी.

मग तहसिलीच्या अभिलेख कक्षातून जुने फेरफार (जमिनीच्या हक्कांत झालेल्या बदलांच्या नोंदी) आणि गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदीचं कोतवाल बुक. १ एप्रिल १९५७ च्या, म्हणजे कुळकायद्याने कुळं मालक मानली गेली त्या कृषक दिनाच्या, आगेमागेचे फेरफार सलग वाचा. कोण कुणाची जमीन कसत होतं ते तिथे उघडं पडतं. कोतवाल बुकात १९१८ ची पानं मिळाली, तर ‘ताप’ हे कारण किती वेळा येतं ते मोजा. ती इन्फ्लुएन्झाची साथ. अर्जात गाव आणि वर्षं नेमकी घाला. ‘सर्व जुने रेकॉर्ड’ असं मोघम मागितलंत तर हाती काही लागत नाही.

कागदाचा खरा अर्थ मात्र शिवारात लागतो. सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना असतो, बहुधा रिकामा. म्हाताऱ्या माणसासोबत बांधाबांधाने फिरून तो तुम्ही भरा. खाचर (भाताचं बांधाचं शेत) कुठलं, वरकस (उताराची हलकी जमीन) कुठलं, भाताच्या रोपांसाठी राब कुठे भाजायचे, त्यासाठी टहाळ (झाडाच्या पाल्याच्या फांद्या) कुठून आणायचे, हे विचारा. वरकसात नाचणी, मग वरी, मग खुरासणी (कारळे), आणि पुढे काही वर्षं जमीन विसाव्याला. त्यामुळे कागदावर ‘पड’ दिसलं की लोक गाव सोडून गेले असा निष्कर्ष काढू नका. ही चूक शिकलेली माणसंही करतात.

जत्रेत पहिला नैवेद्य कुणाचा, पालखीला खांदा कुणाचा, बकऱ्याची मुंडी कुणाला, हा मानाचा क्रम लिहून घ्या. वाघजाईची कथा दहा जण दहा तऱ्हेने सांगतील. मानाच्या बाबतीत मात्र भांडण होईल. ते भांडणही टिपा, जुने हक्क त्यातच असतात.

प्रश्न : घरच्या मोडी कागदावर ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ आहे. हे कोणतं साल? (भोर)

उत्तर : इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००; म्हणजे शुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली अरबी आकड्यांची कालगणना) ११६१. हा सन मृगाला बदलतो. इसवी सन काढायला जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ मिळवा, जानेवारी ते मेच्या कागदाला ६००. तुमचा कागद १७६०-६१ चा, पानिपतच्या सालातला. फसली (महसुली) सन असेल तर ५९० किंवा ५९१ मिळवायचे. दोन्हींत गल्लत झाली की नऊ वर्षांचा घोळ. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तर पाहणार असाल, तर गावाची तर्फ (जुना महसुली विभाग) किंवा मावळ (गुंजण मावळ, कानद खोरे वगैरे) आधी शोधा. नुसत्या गावाच्या नावाने रुमाल (कागदांचं गाठोडं) सापडत नाही.

प्रश्न : ओव्या गोळा करायला गेलो की बाया ‘काही येत नाही’ म्हणतात. (कोथरूड)

उत्तर : येतात, पण खुर्चीत बसून येत नाहीत. ओवीची लय हाताच्या फेऱ्याला बांधलेली असते. मूठभर नाचणी न्या, दोघींना जात्याशी बसवा, आणि गप्प राहा. रेकॉर्डिंगचा फोन जमिनीवर ठेवू नका, जात्याची घरघर आवाज खाते. घडी घातलेल्या गोधडीवर, बाईच्या खांद्याच्या उंचीला ठेवा.

प्रत्येक ओवीपुढे बाईचं माहेर, सासर आणि कुणाकडून शिकली ते लिहा. ओवी नवरीबरोबर येते, म्हणून तिच्यातली नदी पुष्कळदा माहेरची असते. तिला सासरच्या गावाची लोककथा म्हणून खपवू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या संग्रहात लाखाच्या वर ओव्या आहेत, मुळशीतल्याही पुष्कळ. त्या ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर येत असतात. पाठभेद तिथे ताडून पाहा, पण आपल्या बाईची ओवी त्यावरून दुरुस्त करू नका. आणि उतरवून घेण्याचं काम पुण्याला येईपर्यंत लांबवू नका. मुक्कामीच रात्री उतरवा, म्हणजे अडलेला शब्द सकाळी तिलाच विचारता येतो.