परदेशी विद्यापीठ दाराशी आलंय, तरी चौकशी कर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

नवी मुंबईत येऊ घातलेल्या परदेशी विद्यापीठाच्या कॅम्पसमध्ये प्रवेश घ्यावा का, असं तू विचारलं आहेस. व्हिसाची दगदग नाही, घरचं जेवण आणि पदवी मात्र परदेशातली. मन ओढ घेणारच. मी नको म्हणत नाही. फक्त मूळ विद्यापीठाच्या नावावर भुलून फॉर्म भरू नकोस. ज्या कॅम्पसमध्ये तू तीन-चार वर्षं शिकणार, तो टिकणार का, हे आधी बघ.

न्यू साउथ वेल्स हे ऑस्ट्रेलियातलं नामवंत विद्यापीठ. त्यांनी २००७ मध्ये सिंगापूरला स्वतःचा कॅम्पस काढला. अपेक्षेच्या मानाने मुलं फारच कमी आली, दीडशेच्याही आत, आणि पहिलं सत्र संपताच जूनअखेर तो बंद झाला. मुलांना सिडनीतल्या मूळ विद्यापीठात जागा देऊ केली होती, नाही असं नाही. पण घराजवळ शिकायचं म्हणून आलेल्यांपुढे पहिल्याच वर्षी देश बदला नाहीतर दुसरं कॉलेज शोधा, असा पेच उभा राहिला. कतारमधला अमेरिकेच्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा कॅम्पस तर वीस वर्षं चाललेला, तरी २०२४ मध्ये विद्यापीठाच्या नियामक मंडळाने तो २०२८ पर्यंत बंद करायचं ठरवलं. याउलट ऑस्ट्रेलियाच्याच मोनॅश विद्यापीठाचा मलेशियातला कॅम्पस १९९८ पासून सुरू आहे. दोन्ही प्रकार घडतात, म्हणून चौकशी हवी.

आपल्याकडे अशा कॅम्पससाठी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२३ चे नियम आहेत आणि ते तुझ्या बाजूचे आहेत. परवानगीशिवाय अभ्यासक्रम किंवा कॅम्पस बंद करता येत नाही, आणि बंद पडलाच तर पर्यायी सोय करण्याची जबाबदारी मूळ संस्थेवर आहे. ती सोय नेमकी कुठे आणि कोणत्या फीमध्ये, हे त्यांना विचार. फी, परतावा आणि जागांची संख्या सांगणारं माहितीपत्रक प्रवेशाच्या ६० दिवस आधी जाहीर करणंही त्यांना बंधनकारक आहे.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वर्गाची. तुझ्या बाकावर शेजारी कोण असेल? सगळी मुलं ठाण्या-पुण्याचीच असतील, तर परदेशी शिक्षणातलं अर्धं शिक्षण तिथे नसेलच. दुसऱ्या देशातल्या मुलीबरोबर प्रोजेक्ट करताना, तिच्याशी वाद घालताना जे शिकायला मिळतं, ते कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. म्हणून एखादं सत्र मूळ विद्यापीठात जाऊन करता येईल का, त्याची फी वेगळी पडेल का, हे अवश्य विचार. आणि शिकवणार कोण? माहितीपत्रकात फोटो असलेल्या प्राध्यापकांपैकी पूर्ण सत्र इथे राहणारे किती, आणि आठवडाभराचं व्याख्यान देऊन परतणारे किती?

तोंडी आश्वासनावर जाऊ नकोस, उत्तरं ईमेलवर घे. ती आली की फी परताव्याच्या अटींसकट मला पाठव. पैसे भरण्याआधी आपण दोघं बसून वाचू.

तुझे,
सर