आधी घोट, मग सावजी

(नागपूरच्या सदर भागातल्या एका हॉटेलच्या बारमध्ये उमेदीची वर्षं काउंटरमागे काढलेले आमचे जाणकार काका वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : काका, भाच्यानं डब्लिनहून एक आयरिश ब्लेंडेड व्हिस्की आणली. फार महागाची नाही, तिकडे लोक रोजच्या बैठकीत घेतात म्हणाला. रविवारी मित्र जमले. सावजी मटण, सोडा, बर्फ, सगळा थाट होता. दोन पेग झाल्यावर सगळे म्हणाले, हिला चवच नाही. हलकी व्हिस्की म्हणजे कमअस्सल का?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : भाऊ, बाटलीत थोडी उरली असेल तर जपून ठेवा, कारण तुम्ही ती अजून चाखलेलीच नाही. सावजी रश्श्यानं जीभ पेटली की नाजूक चव तिच्यापर्यंत पोचतच नाही. वरून थंडगार सोडा. सावजी मलाही जीव की प्राण आहे, पण या दोघांना एका ताटात बसवू नका.

आता कमअस्सलपणाचं बोलू. आयर्लंडचा कायदा कडक आहे. व्हिस्की धान्यापासूनच काढायची, तिकडेच लाकडी पिंपात किमान 3 वर्षं मुरवायची आणि बाटलीत अल्कोहोल 40 टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचं नाही. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कींत मळीचं अल्कोहोल असतं आणि तीव्रता 42.8 टक्के. त्या चटक्याची सवय झालेल्या जिभेला आयरिश फिकी वाटणारच.

तिचा मऊपणा मेहनतीनं आलेला असतो. जेमसनचंच घ्या. 1780 पासूनचं हे डब्लिनचं घराणं, पण 1975 पासून ती कॉर्क परगण्यातल्या मिडलटनला बनते. तिथे मोड आणलेली आणि न आणलेली बार्ली एकत्र करून तांब्याच्या भांड्यात तीनदा ऊर्ध्वपातन करतात. दर खेपेला जड, उग्र भाग मागे राहतो. न मोडवलेल्या बार्लीमुळे जिभेवर सायीसारखा दाटपणा येतो आणि किंचित मसालेदार चव लागते. मग त्यात उंच स्तंभासारख्या यंत्रातून काढलेली हलकी ग्रेन व्हिस्की मिसळतात. बहुतेक आयरिश व्हिस्कींत बार्ली पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, धुरावर वाळवत नाहीत, म्हणून काही स्कॉचांसारखा धुरकट वासही नाही.

त्या स्तंभाची गोष्ट मला फार चटका लावते. त्याचं सुधारित यंत्र एनिअस कॉफी या आयरिश अबकारी अधिकाऱ्यानंच केलं आणि 1830 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. डब्लिनच्या बड्या घराण्यांनी नाक मुरडलं, स्कॉटलंडच्या ब्लेंडरांनी ते उचललं आणि जगाचा बाजार जिंकला. आज तुमच्या ग्लासातल्या आयरिश ब्लेंडला हलकेपणा देणारी ग्रेन व्हिस्कीही अशाच स्तंभातून येते.

आता चाखायचं कसं ते सांगतो. जेवणाआधी, पोट अगदी रिकामं नसताना बसा. तोंडाशी निमुळता होणारा छोटा ग्लास घ्या. नसेल तर चहाचा काचेचा ग्लासही चालेल, पण साबणाचा वास नको. 30 मिलीचा एकच पेग दोन ग्लासांत निम्मा निम्मा ओता. एक तसाच ठेवा, दुसऱ्यात चमचाभर साधं पाणी घाला. नाक ग्लासात खुपसू नका, जरा वर धरा आणि तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. आधी व्हॅनिला आणि मध येईल, मागून हिरवं सफरचंद. व्हॅनिला येतो तो बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या जुन्या पिंपांतून. अमेरिकेत बर्बनला दर वेळी नवंच जाळलेलं ओक पिंप लागतं, म्हणून वापरलेली पिंपं आयर्लंडला स्वस्तात मिळतात. छोटा घोट घ्या, जिभेवर फिरवा, मग गिळा. पाण्याच्या ग्लासात गोडवा जास्त मोकळा होतो. मला तोच आवडतो. शेवट लवकर ओसरतो, हे मात्र खरं. लांब रेंगाळणारी चव हवी असेल तर जास्त पैसे मोजून सिंगल पॉट स्टिलकडे, म्हणजे ग्रेन न मिसळलेल्या, नुसत्या तांब्याच्या भांड्यातल्या व्हिस्कीकडे जावं लागेल.

आणि एक नागपुरी सूचना. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत घरातली बाटलीही तापते. अशा व्हिस्कीतून नुसती अल्कोहोलची वाफ नाकात जाते. बसण्याआधी बाटली थोडा वेळ फ्रिजच्या दारात ठेवा. मूठभर बर्फानं वासच मरतो.

प्रश्न : सोबत खायला काय ठेवावं?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : भाजलेले बदाम, बिनमसाल्याचे काजू, साधं पनीर. संत्रा बर्फी नको, तिच्या गोडीपुढे व्हिस्की कडू लागते. त्यापेक्षा ताज्या संत्र्याच्या सालीचा तुकडा ग्लासावर धरून पिळा. सालीतलं तेल आणि या व्हिस्कीचा मध यांचं छान जमतं. संत्री आपल्याच मातीतली, हंगाम असेल तर हे नक्की करून बघा. चिवडा, तर्री पोहे, पाटवडी नंतर.

प्रश्न : उरलेली बाटली वर्ध्याला मामांकडे घेऊन जाऊ का?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : नको. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, बाटली भेट म्हणून नेली तरी गुन्हाच होतो. मामांनाच इकडे बोलवा, आणि नागपुरातही परवाना लागतो, तेव्हा त्यांचा आणि तुमचा आधी काढून ठेवा.